टेक्सासहून कॅलिफोर्नियाला स्थलांतर आणि घरातल्या चार रायफली

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षे आम्ही टेक्सासमध्ये, ऑस्टिनच्या उत्तरेला राहत आहोत आणि येत्या मार्चअखेर माझ्या नव्या नोकरीसाठी कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला कायमचे जाणार आहोत. घरभाडे, मुलीची शाळा, गाडीची नोंदणी या विषयांवर इथे भरपूर लिहिले गेले आहे, त्यामुळे त्यांविषयी विचारत नाही. माझा प्रश्न घरातल्या चार रायफलींचा आहे. मराठीत यावर सविस्तर लिहिलेले मला कुठे सापडले नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. माझे गाव राजापूर तालुक्यातले. रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेला भात पाहून आजोबा बांधावर नुसते बसून राहत, ते मी लहानपणी पाहिले आहे. इथे आल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला लॅनो काउंटीतल्या त्यांच्या रानात नेले आणि तिथे उकरलेली जमीन पाहिली तेव्हा ती मला अगदी ओळखीची वाटली. बंदूक धरायला, नेम धरायला आणि मुख्य म्हणजे कधी चाप ओढायचा नाही हे त्यांनीच मला शिकवले. निवृत्त होताना त्यांनी आपली लिव्हरची (चापाखालचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची) .३०-३० रायफल मला भेट दिली; .३०-३० हे काडतुसाचे माप. ती धरून माझ्याकडे आता चार आहेत: हरणासाठी बोल्ट अ‍ॅक्शनची (दर गोळीनंतर हाताने खटका मागे-पुढे करायची) .३०८, ही जुनी लिव्हरची, सरावासाठी रुगर १०/२२, आणि डुकरांसाठी घेतलेली अर्धस्वयंचलित एआर-१५.

टेक्सासमध्ये लांब नळीच्या बंदुकीची नोंदणी नाही आणि ती बाळगायला परवानाही लागत नाही. त्यामुळे आजवर मला यातल्या एकाही रायफलीचा कागद कुणाला दाखवावा लागलेला नाही. कॅलिफोर्नियात तसे नाही, इतकेच मला माहीत आहे. यातले काय नेता येईल, काय इथेच सोडावे लागेल आणि निघण्यापूर्वी काय उरकले पाहिजे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्वाचा अर्ज पुढच्या वर्षी करायचा आहे.

सांताक्लारावासी

माळरान, आपण निघण्यापूर्वी विचारलेत हे फार बरे केलेत. मी २०२२ मध्ये अ‍ॅरिझोनाहून आलो. तेव्हा जे शिकलो त्याचे सार असे की प्रत्येक रायफलीचा निर्णय जुन्या राज्यात राहत असतानाच झाला पाहिजे, कारण राज्याची सीमा ओलांडली की बरेचसे मार्ग बंद होतात. मी वकील नाही. जे स्वतः केले आणि वाचले तेच लिहितो.

सोप्यापासून सुरुवात करतो. बोल्ट अ‍ॅक्शन आणि लिव्हर अ‍ॅक्शन या दोन्ही रायफली कॅलिफोर्नियाने 'असॉल्ट वेपन' म्हणून ठरवलेल्या बंदुकांच्या बंदीत येत नाहीत, कारण ती बंदी अर्धस्वयंचलित, म्हणजे गोळी सुटल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकांभोवती लिहिलेली आहे. राज्यात दहापेक्षा जास्त काडतुसांच्या मॅगझिनवर (बंदुकीतल्या काडतुसांच्या कप्प्यावर) बंदी आहे, परंतु लिव्हरच्या रायफलीत नळीखाली जी अंगचीच नळकांडी असते तिला कायद्यानेच वगळले आहे. त्यामुळे आपल्या ज्येष्ठांची भेट आपल्याबरोबर निर्धास्त येऊ शकते.

रुगर १०/२२ अर्धस्वयंचलित असली तरी रिमफायर आहे. ज्या काडतुसाच्या तळाच्या मध्यभागी ठोका बसतो ते सेंटरफायर आणि ज्याच्या कडेला बसतो ते रिमफायर. पिस्तुलासारखी मूठ किंवा दुमडता दस्ता असल्या वैशिष्ट्यांवर आधारलेली बंदी सेंटरफायर रायफलींपुरती आहे. त्यामुळे १०/२२ आणि तिचे दहाचे मूळ मॅगझिन चालते. मात्र तिच्यासाठी पंचवीसचे लांब वाकडे मॅगझिन मिळते, ते आपल्याकडे असेल तर आणू नका. अशी मॅगझिन राज्यात आणण्यावर १ जानेवारी २००० पासून बंदी आहे आणि २०१६ च्या जनमताने, म्हणजे प्रपोझिशन ६३ ने, ती नुसती बाळगण्यावरही बंदी घातली. त्यावर वर्षानुवर्षे खटला चालला. २०१९ मध्ये मार्चअखेरीपासून ५ एप्रिलपर्यंत एका न्यायाधीशांच्या निकालामुळे खरेदी खुली होती आणि त्या आठवड्यात पुष्कळांनी घेतली. पण मार्च २०२५ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येते त्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या, मोठ्या पीठाने कायदा उचलून धरला. हा इतिहास मुद्दाम सांगतो, कारण दुकानात किंवा नेमबाजीच्या मैदानावर कोणीतरी तुम्हाला सांगेलच की 'माझ्याकडे तीसचे आहे, काही होत नाही'. त्याचे मॅगझिन कदाचित त्या आठवड्यातले असेल, तुमचे मात्र नव्याने बाहेरून आणलेले ठरेल.

आता एआर. इथे पहिला प्रश्न असा, की तिच्या खालच्या भागावर, म्हणजे ज्यावर क्रमांक कोरलेला असतो त्या लोअर रिसीव्हरवर, नाव कोणाचे आहे? जानेवारी १९८९ मध्ये स्टॉकटनच्या एका प्राथमिक शाळेत गोळीबार होऊन पाच मुले गेली, त्यानंतर त्याच वर्षी रॉबर्टी-रूस कायदा आला आणि त्यात काही बंदुका नावानिशी बंद केल्या गेल्या. पुढे एआर आणि एके घराण्यातल्या आणखी नावांची यादी त्यात जोडली गेली. नाव या याद्यांत असेल तर तिच्यात कितीही बदल केले तरी ती कॅलिफोर्नियात बेकायदाच राहते. नाव यादीत नसेल तर दोन मार्ग आहेत. एक, मॅगझिन असे कायम बसवायचे की रायफलीची यंत्रणा उघडल्याशिवाय ते निघणार नाही, आणि तेही दहापेक्षा मोठे नसावे. दुसरा मार्ग म्हणजे निघणारे मॅगझिन ठेवायचे, पण पिस्तुलासारखी खाली आलेली मूठ, पुढची मूठ, अंगठा घालण्याचे भोक असलेला दस्ता, दुमडणारा किंवा सरकणारा दस्ता, फ्लॅश हायडर (नळीच्या टोकाचे, गोळी सुटतानाची ज्वाळा झाकणारे साधन) यांतले एकही अंग ठेवायचे नाही. हे काम टेक्सासमध्येच, निघण्यापूर्वी झाले पाहिजे. 'तिथे जाऊन करू' म्हणून सीमा ओलांडली तर त्या क्षणी आपण असॉल्ट वेपन राज्यात आणलेले असते, आणि आणण्याचा गुन्हा नुसत्या बाळगण्यापेक्षा जड आहे. त्याला चार, सहा किंवा आठ वर्षांची शिक्षा आहे.

नाव पाहून कळवा. बाकीचे नंतर लिहितो.

माळरान

सांताक्लारावासी, आपण इतका वेळ दिलात त्याबद्दल मनापासून आभार. आज कपाट उघडून पाहिले. लोअरवर कोल्ट कंपनीचे नाव आहे आणि पुढे एआर-१५ असे स्पष्ट कोरलेले आहे.

सांताक्लारावासी

मग तिच्यापुरता प्रश्न मिटला, ती येऊ शकत नाही. कोल्ट एआर-१५ हे नाव मूळ १९८९ च्या यादीतच आहे.

ती विकायची असेल तर आपण टेक्सासचे रहिवासी असेपर्यंत विका. केंद्रीय कायद्याप्रमाणे एका राज्याचा रहिवासी दुसऱ्या राज्याच्या रहिवाशाला बंदूक थेट विकू किंवा देऊ शकत नाही, मध्ये परवानाधारक विक्रेता लागतो. आज आपण ती ऑस्टिनमधल्या मित्राला सरळ देऊ शकता. कॅलिफोर्नियाचे झाल्यावर त्याच मित्राला तीच रायफल देणे हा केंद्रीय गुन्हा होतो. आपल्या लोकांना हे कळायला कठीण जाते, कारण मित्र तोच आणि वस्तू तीच असते, बदललेला असतो तो फक्त आपला पत्ता. भावाला भेट द्यायची असेल तरीही हाच नियम आहे.

जाता जाता: सायलेन्सर असेल तर तोही कॅलिफोर्नियात पूर्ण बंद आहे आणि त्याच्या हस्तांतराला केंद्रीय मंजुरी लागत असल्याने वेळ हाताशी ठेवून सुरुवात करावी. .५० बीएमजी (फार मोठ्या काडतुसाच्या) रायफलीही २००५ पासून बंद आहेत.

डेलावेअरकाठ

मी पेन्सिल्व्हेनियातून न्यू जर्सीत आलो, म्हणून थोडी भर घालतो. इथे मराठी वस्ती मोठी असल्याने कोणाला तरी उपयोग होईल.

न्यू जर्सीत रायफल विकत घ्यायची तर आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड लागते. ही पद्धत १९६६ पासूनची आहे. पूर्वी बाहेरून राहायला येणाऱ्याला आपल्या बंदुका कार्डाशिवाय आणता येत असत, परंतु जुलै २०२२ मध्ये सही झालेल्या कायद्याने नव्या रहिवाशालाही ६० दिवसांत कार्ड काढणे आणि बाहेर घेतलेल्या पिस्तुलांची नोंद करणे बंधनकारक झाले. बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासण्यास संमती आणि नात्याबाहेरच्या दोन व्यक्तींची नावे द्यावी लागतात.

मला अडचण आली ती या शेवटच्या गोष्टीत. मी ज्यांना विचारले त्या चांगल्या, जुन्या ओळखीच्या लोकांनाही आपले नाव अशा अर्जावर असावे असे वाटत नव्हते. त्यांचा माझ्यावर अविश्वास नव्हता. पोलिसांकडून पत्र येणार ही कल्पनाच त्यांना नको होती. अखेर मी एका मित्राच्या घरी बसून त्यांना संपूर्ण अर्ज दाखवला, त्यांना काय विचारले जाईल ते वाचून दाखवले आणि तेव्हा ते तयार झाले. म्हणून सांगतो, ज्यांची नावे द्यायची त्यांच्याशी आधी प्रत्यक्ष बोला, फोनवरच्या एका वाक्यात हे काम उरकू नका.

आणखी एक, जे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हते. न्यू जर्सीत हरणाची शिकार सेंटरफायर रायफलीने करता येत नाही. शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) किंवा धनुष्य वापरावे लागते. नदीच्या पलीकडे ज्या रायफलीने मी दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस हरणाला जात असे, ती नदीच्या या बाजूला त्या कामाची राहिली नाही. मी ती ठेवली आहे आणि पेन्सिल्व्हेनियाचा बाहेरच्यांसाठीचा शिकार परवाना काढून वर्षातून एकदा नदी ओलांडतो.

प्रवासाबद्दल: १९८६ च्या केंद्रीय कायद्यात वाटेतल्या राज्यांतून बंदूक नेण्याला संरक्षण आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. बंदूक रिकामी असावी, ती आणि काडतुसे गाडीत बसलेल्यांच्या हाती लागणारी नसावीत, आणि जिथून निघालो व जिथे चाललो त्या दोन्ही ठिकाणी ती बाळगणे कायदेशीर असावे. २००५ मध्ये युटाहून पेन्सिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचे न्यूअर्कला पुढचे विमान हुकले आणि पिस्तूल असलेले सामान त्याच्या ताब्यात आले. ते घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला आणि सकाळी विमानतळावर पिस्तूल जाहीर केल्यावर पकडला गेला. पुढे त्याने दावा लावला, पण २०१० मध्ये तिसऱ्या सर्किटने त्याच्या विरोधात निकाल दिला, कारण त्या रात्री सामान त्याच्या हाताशी होते. प्रामाणिकपणे जाहीर करूनही असे घडू शकते, हे विमानाने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

उंबरठा

मी बंदूक घरात ठेवण्याच्या विरोधात आहे आणि ते लपवत नाही. तरीही धागा शेवटपर्यंत वाचला, कारण माळरान यांनी ज्या काळजीने विचारले आहे ती मला आवडली. माझा प्रश्न एवढाच आहे: टेक्सासमध्ये आपल्याला रान होते, डुकरे होती, शिकवणारे वडीलधारे होते. सनीवेलच्या भाड्याच्या घरात यातले काहीच नसेल आणि मुलीच्या मैत्रिणी मात्र रोज येतील. मग या वस्तू बरोबर नेण्याचे प्रयोजन काय? एखाद्या मित्राकडे सगळ्याच ठेवून का जात नाही?

माळरान

उंबरठा, आपला प्रश्न योग्य आहे आणि हाच प्रश्न माझ्या पत्नीने मला पहिल्या दिवशी विचारला होता. तिला जे सांगितले तेच इथे सांगतो.

वर्षभराचे मांस आम्ही दोन हरणांवर काढतो. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण जे खातो ते कसे आले याची पूर्ण जबाबदारी मी स्वतः घेतलेली असते. कॅलिफोर्नियातही डुकरे आहेत, हरणे आहेत, माझा टेक्सासचा हंटर एज्युकेशनचा दाखला तिथे मानला जातो. सलग सहा महिने राहिल्यावर रहिवाशाचा शिकार परवानाही मिळेल. म्हणजे प्रयोजन राहील, फक्त ते पूर्वीइतके जवळ नसेल.

घरातल्या सुरक्षिततेबद्दल आपण म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. आमच्याकडे आजही सगळे लोखंडी कपाटात असते, काडतुसे वेगळ्या पेटीत आणि किल्ली मुलीला माहीत नसलेल्या जागी. टेक्सासमध्ये मुलांच्या हाती भरलेली बंदूक पडू देणे हा गुन्हा असला तरी, ती कशी ठेवायची हे बहुतांशी मालकाच्या शहाणपणावर सोडलेले आहे. ते तसे असू नये असे मला स्वतःला वाटते. माझ्या ओळखीच्या घरांत पलंगाखाली ठेवलेल्या बंदुका मी पाहिल्या आहेत.

सांताक्लारावासी

उंबरठा यांच्या प्रश्नाला जोडून. सनीवेलने नोव्हेंबर २०१३ मध्ये मतदानाने मेझर सी नावाचा स्वतःचा नियम केला आहे आणि तो राज्याच्या नियमाहून कडक आहे. बंदूक हाताशी नसेल तेव्हा घरात ती कुलुपात किंवा ट्रिगर लॉक लावून ठेवावी लागते. चोरीला गेली किंवा हरवली तर ४८ तासांत पोलिसांना कळवावे लागते. राज्याचा नियम पाच दिवसांचा आहे. दहापेक्षा मोठ्या मॅगझिनवर बंदी सनीवेलने तेव्हाच घातली होती आणि २०१५ मध्ये नवव्या सर्किटने तिला स्थगिती देण्यास नकार दिला. आता १ जानेवारी २०२६ पासून घरातली बंदूक कुलूपबंद ठेवण्याचा नियम राज्यभर लागू झाला आहे आणि त्यासाठीचे उपकरण राज्याच्या मान्य यादीतले असावे लागते. आपले लोखंडी कपाट त्या निकषात बसते का, ते सामान बांधण्यापूर्वी पाहून ठेवा. दोनशे किलोचे कपाट हलवून नेल्यावर ते चालत नाही असे कळणे त्रासाचे आहे.

नोंदणीचे सांगायचे राहिले होते. राज्यात रायफली आणल्यापासून ६० दिवसांत राज्याच्या न्याय विभागाला नव्या रहिवाशाचा अहवाल द्यावा लागतो. पूर्वी तो पिस्तुलांपुरता होता, १ जानेवारी २०१४ पासून रायफलींनाही लागू आहे. मी एकाच अहवालात माझ्या सगळ्या लिहिल्या आणि १९ डॉलर भरले. ऑनलाइन होतो. प्रत्येक रायफलीचा निर्माता, मॉडेल, कॅलिबर, नळीची लांबी आणि क्रमांक लागतो, म्हणून टेक्सासमध्येच स्वच्छ उजेडात क्रमांकांचे फोटो काढून ठेवा. माझ्या एका जुन्या रायफलीवर क्रमांक दोन ठिकाणी होता आणि एका ठिकाणचा घासला गेला होता.

काही जण म्हणतात की अहवाल दिला नाही तर कोणाला कळणार आहे? मला हा विचार मुळातच पटत नाही, पण व्यवहार म्हणूनही तो चुकीचा आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून काडतुसे घेतानाही तपासणी होते. तिचा नेहमीचा, स्वस्त प्रकार असा चालतो की दुकानदार आपले नाव, पत्ता आणि ओळखपत्राचा क्रमांक घालतो आणि राज्याच्या नोंदींत त्याच नावावर त्याच पत्त्याला एखादी बंदूक आहे का हे पाहिले जाते. नोंदच नसेल तर जुळणी होणार नाही. मग दुसरी, महाग तपासणी करावी लागते आणि तिला दिवस लागतात. या कायद्यावर खटला चालू आहे, जुलै २०२५ मध्ये नवव्या सर्किटच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो घटनाबाह्य ठरवला होता, त्यामुळे खरेदीच्या दिवशी काय नियम आहे ते दुकानात विचारूनच घ्यावे. पण अहवाल दिलेला असणे सर्व परिस्थितींत हिताचे आहे.

कागदपत्र

ग्रीन कार्डाचा मुद्दा वर ओझरता आला आहे, तो मला अधिक ठळकपणे मांडावासा वाटतो, कारण या धाग्यातले बहुतेक वाचक त्या टप्प्यातून गेलेले किंवा जाणारे आहेत.

अमेरिकी नागरिकाने बंदुकीच्या कायद्याचा भंग केला तर त्याला दंड किंवा तुरुंग होतो आणि प्रकरण तिथे संपते. ग्रीन कार्डधारकाचे तिथे संपत नाही. बंदूक बेकायदा बाळगणे, विकणे, घेणे किंवा नेणे यांबद्दल दोषी ठरणे हे केंद्रीय स्थलांतर कायद्यात देशाबाहेर काढण्याचे स्वतंत्र कारण आहे, आणि त्यासाठी गुन्हा मोठाच असावा लागतो असे नाही. वकिलाच्या सल्ल्याने किरकोळ आरोप मान्य करून मोकळे होणे हा नागरिकाला शहाणपणाचा मार्ग वाटू शकतो. आपल्यासाठी तोच मार्ग घर, नोकरी आणि मुलांची शाळा यांसह सगळे पणाला लावणारा ठरतो. म्हणून फौजदारी वकिलाच्या बरोबरीने स्थलांतराचा वकीलही पहिल्या दिवसापासून हवा.

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांसाठी: बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या व्यक्तीला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगण्याचीच मनाई आहे. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा त्यातला मुख्य अपवाद आहे, आणि परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. 'टेक्सासमध्ये कोणीच विचारत नाही' हे वाक्य मी अनेक तरुण मुलांच्या तोंडून ऐकले आहे. राज्य विचारत नसले तरी केंद्राचा कायदा तिथेही लागू असतो. कृपया मित्राच्या बंदुकीने मैदानावर सराव करण्यापूर्वीही हे वाचा.

माळरान यांनी कोल्ट विकली तर तिची पावती नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत जपून ठेवावी, ही माझी विनंती.

पाणवठा

मी बंदूक वापरत नाही. पक्षी पाहतो. सनीवेलहून दक्षिणेला सुमारे दोन तासांवर पिनॅकल्स राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे कॅलिफोर्निया कोंडोर पाहायला महिन्यातून एकदा जातो. या धाग्यात त्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माळरान हरणाला आणि डुकरांना जाणार असतील तर त्यांचा कोंडोरशी थेट संबंध येणार आहे.

या पक्ष्याच्या पंखांचा पसारा जवळजवळ तीन मीटर असतो. १९८२ मध्ये जगात फक्त २२ कोंडोर उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही धरून आणला गेला आणि सगळी प्रजा पिंजऱ्यात वाढवून पुन्हा सोडण्यात आली. सोडलेल्या पक्ष्यांना आजही सर्वाधिक मारते ते शिसे. शिकारी जनावर साफ करून आतडी रानात टाकतो, त्यात शिशाच्या गोळीचे बारीक कण विखुरलेले असतात, आणि कोंडोर मेलेलेच खातो. आपल्याकडे गिधाडांचे काय झाले ते वाचकांना आठवत असेल. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांतून गिधाडांच्या पोटात गेले आणि आकाश रिकामे झाले, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. दोन्हीकडे विष पोचवण्याची वाट तीच आहे. कॅलिफोर्नियाने आधी कोंडोरच्या टापूत आणि १ जुलै २०१९ पासून सबंध राज्यात शिकारीसाठी शिशाची गोळी बंद केली. मैदानावरच्या सरावाला ती बंदी नाही.

मला हा नियम या साऱ्या धाग्यातला सर्वांत न्याय्य नियम वाटतो. माळरान, आपण डुकरांनी नासलेले शेत पाहिले आहे, तेव्हा एका जीवामुळे दुसऱ्याचे काय होते हे आपल्याला सांगायला नको.

माळरान

पाणवठा, आपला प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. मला हा नियम माहीत नव्हता. माहीत झाल्यावर वाट न पाहता इथेच तांब्याच्या गोळ्या घेऊन मैदानावर गेलो. त्याचा अनुभव लिहितो, कारण इतरांनाही तो घ्यावा लागेल.

तांबे शिशापेक्षा हलके असते. त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि साधारणपणे थोडी हलकी गोळी घेऊन वेग वाढवणे बरे असे जाणकार सांगतात, कारण तांब्याची गोळी उमलायला वेग लागतो. मी .३०८ मध्ये इतकी वर्षे १६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) शिशाची वापरत आलो. आता १५० ग्रेनची तांब्याची घेतली. आधी नळी पूर्ण स्वच्छ केली. शंभर यार्डांवर पहिल्या पाच गोळ्या जुन्या नेमापेक्षा दोन इंच वर आणि किंचित डावीकडे गेल्या, पण एकमेकींच्या जवळ गेल्या. दुर्बीण पुन्हा जुळवायला वीस काडतुसे लागली. दुसऱ्या कंपनीची काडतुसे याच नळीतून विखुरली. म्हणजे एकाच प्रकारावर विसंबू नये, दोन-तीन आणून पाहावेत.

लिव्हरच्या .३०-३० मध्ये अजून एक सावधगिरी आहे. तिच्या नळकांड्यात काडतुसे एकामागे एक असतात आणि मागच्या काडतुसाचे टोक पुढच्याच्या तळाला टेकलेले असते. तांब्याच्या पुष्कळ गोळ्या टोकदार असतात आणि कठीण टोक धक्क्याने त्या ठोक्याच्या जागेवर बसले तर नळकांड्यातच स्फोट होऊ शकतो. सपाट नाकाच्या, याच रायफलीसाठी केलेल्या तांब्याच्या गोळ्या मिळतात, त्याच घ्याव्यात.

कोल्ट काल एका परवानाधारक विक्रेत्याला दिली. किंमत मला वाटली होती त्याहून कमी आली. तीसची सहा मॅगझिन आणि १०/२२ चे पंचवीसचे एक हीही त्याच्याबरोबर गेली. पावतीवर क्रमांक लिहून घेतला आहे आणि तिच्या दोन प्रती काढल्या आहेत. शिशाची उरलेली काडतुसे इथल्याच एका शिकारी मित्राला दिली, कारण कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला बाहेर घेतलेली काडतुसे थेट घरी आणता येत नाहीत, ती तिथल्या विक्रेत्यामार्फत उतरवावी लागतात, आणि या प्रकरणात मला शंकेला जागाच ठेवायची नव्हती.

सांताक्लारावासी

उत्तम केलेत. मूव्हर्सना रायफली द्यायच्या असतील तर त्यांना तसे सांगणे बंधनकारक आहे आणि बरेच जण काडतुसे घेतच नाहीत. शक्य असेल तर स्वतःच्या गाडीतून, रिकाम्या, कुलूप लावलेल्या पेटीत आणा. इथे शाळेच्या आवारापासून हजार फुटांच्या आत रायफल न्यायची तर ती कुलूपबंदच लागते, आणि सनीवेलमध्ये शाळा चुकवून कोणत्याही दिशेला जाता येत नाही. इथे आल्यावर फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेटची परीक्षा लगेच देऊन टाका. तीस प्रश्न, २३ बरोबर यावे लागतात, २५ डॉलर शुल्क आणि पाच वर्षे मुदत.

माळरान

दोन महिन्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. आम्ही पोचलो. एल पासो, टूसान करत आय-१० ने आलो, तिन्ही रायफली डिकीत कुलूपबंद होत्या. ब्लाइथला कोलोराडो नदी ओलांडल्यावर शेतकी तपासणी नाक्यावर थांबवले. तिथे विचारणा झाली ती फळांची आणि झाडांची. कढीपत्त्याची कुंडी आम्ही ऑस्टिनलाच मैत्रिणीकडे ठेवली होती, कारण लिंबूवर्गीय झाडांच्या किडीमुळे ती आणता येत नाही हे पत्नीने आधी वाचले होते. तिला त्या कुंडीचे माझ्या कोल्टपेक्षा जास्त वाईट वाटले असावे, सात वर्षांचे झाड होते.

अहवाल एकोणिसाव्या दिवशी भरला. लोखंडी कपाट मान्य यादीत बसत नव्हते, ते टेक्सासमध्येच विकून इथे नवे घेतले. परीक्षेत तीसपैकी एकोणतीस आले.

एक चूक झाली, ती सर्वांनी टाळावी. अहवालात मी माझे नाव आणि आडनाव लिहिले. कॅलिफोर्नियाच्या नव्या ड्रायव्हिंग लायसन्सवर मात्र पासपोर्टप्रमाणे मध्ये वडिलांचे नाव आले आहे. काडतुसे घ्यायला गेलो तेव्हा दोन नावे जुळली नाहीत आणि खरेदी नाकारली गेली. दुकानातल्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितले की भारतीय ग्राहकांच्या बाबतीत हे वारंवार होते. नोंद दुरुस्त करून घ्यायला साडेतीन आठवडे गेले. आपल्याकडे तीन भागांचे नाव असते, तेव्हा आधी लायसन्स हातात येऊ द्या आणि त्यावर जसे छापले आहे तसेच, वडिलांच्या नावासह, अहवालात लिहा. अपार्टमेंटचा क्रमांकही त्याच पद्धतीने लिहा.

पाणवठा, पुढच्या महिन्यात आपण पिनॅकल्सला जाणार असाल तर मुलीला घेऊन यायची इच्छा आहे. कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा.